तुसाच्या पेटीतला भात

सोमवारी सकाळी भातगिरणीच्या फाटकावर नोटीस लागली आणि दुपारच्या आत तिचा चटका वस्तीतल्या शेवटच्या खोलीपर्यंत पोचला.

यंदा कालव्याला पाणी सुटले नव्हते. आसपासच्या शिवारांतले भात उभ्याउभ्या वाळले, गिरणीत पोती येईनाशी झाली आणि दोन पाळ्यांची एक पाळी झाली. उरलेल्या तेवीस कामगारांना ठेवायचे तर पगार अर्धा करावा लागेल, असे साहेबांचे म्हणणे होते. परंतु कामगारांशी झालेला जुना करार लेखी होता आणि निम्म्याहून अधिक माणसांच्या संमतीशिवाय त्यातले एक अक्षरही हलवता येत नव्हते. साहेबांनी संमतीसाठी कागद फिरवला नाही. त्यांनी कँटीन उघडले.

गिरणीच्या फिटरने नोटीस घरी येईपर्यंत तोंडपाठ केली होती. हातपाय धुऊन तो भिंतीला टेकून बसला आणि त्याने ती बायकोला व वडिलांना म्हणून दाखवली.

"दुपारचं जेवण गिरणीकडून. त्याच्या बदल्यात पगार अर्धा. शनिवारी दुपारी मोजणी. कँटीनमध्ये जेवेल त्याची संमती. घरून आणलेला डबा खाईल त्याचा नकार."

"आणि दोन्ही खाणार नाही तो?" बायकोने विचारले. तिला सारी वस्ती वहिनी म्हणे.

"उपाशी राहील त्याचीही संमती."

"वा!" म्हातारा कोपऱ्यातून म्हणाला. "म्हणजे उपाशी माणूस खूश आहे असं धरायचं."

म्हाताऱ्याने त्याच गिरणीचा बॉयलर चाळीस वर्षे सांभाळला होता. निवृत्त झाल्याला नऊ वर्षे झाली तरी भोंगा वाजला की त्याची मान आपोआप वर होई. त्याला वस्तीत बॉयलर आजोबा हे एकच नाव होते आणि त्या नावाखेरीज गिरणीने त्याला फारसे काही दिलेले नव्हते.

वहिनीने पातेले खाली उतरवले. कण्यांची पेज होती. तिच्यात भोपळ्याची साल बारीक चिरून टाकलेली. तिने आधी लेकीला वाढले, मग सासऱ्यांना, मग नवऱ्याला आणि पळी पातेल्याच्या तळाला घासून उरलेले स्वतःला घेतले.

"तुम्हाला दुपारी पोटभर वाढतील," ती म्हणाली. "बरं आहे. आम्ही तिघं काय करायचं? फाटकाबाहेर उभं राहून वास घ्यायचा?"

"मी कुठे जातो म्हणालो?"

"म्हणाला नाहीत. पण डबा लागेल ना. गेला महिनाभर तुमचा डबा फळीवर पालथा पडलाय."

ते खरे होते. सिलिंडर संपून महिना झाला होता. लाकडाची मोळी आठवड्याला एकच परवडे, म्हणून चूल संध्याकाळी एकदाच पेटे. रात्रीचे उरलेसुरले लेक शाळेत नेई आणि फिटर दुपारी नळाचे पाणी पिऊन पाळी पुरी करी. वस्तीतल्या बहुतेक घरांत हेच चालले होते. साहेबांना ते ठाऊक होते. डबा कुणाकडे आहे आणि कुणाकडे नाही, हे पाहूनच त्यांनी नोटीस लिहिली होती.

फिटरने काटकीने चुलीतले निखारे राखेखाली झाकले.

"वाफेच्या नळीवर आपण तूस आणि माती का लिंपतो?" त्याने एकदम विचारले.

"मला विचारताय की मामंजींना?"

"ऊब बाहेर जाऊ नये म्हणून," म्हाताऱ्याने उत्तर दिले. "शेंबडं पोरही सांगेल."

"मग भांड्यावर लिंपलं तर?"

मंगळवारी पहाटे पेटी तयार झाली. गिरणीची मोटर जिच्यातून आली होती ती फळ्यांची पेटी खोलीत कपडे ठेवायला वापरात होती. कपडे दोरीवर गेले. फिटरने फळ्यांच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या. तळाला चार बोटे तूस, बाजूंनी चार बोटे, मधोमध पातेले बसेल एवढी गोल जागा आणि वरून दाबायला तुसाने भरलेली जाड उशी. पातेल्याला चुलीवर खळखळून उकळी आणायची, मग तीनशे आकडे मोजायचे, झाकण घट्ट बसवून पातेले पेटीत ठेवायचे आणि दुपारपर्यंत त्याला हात लावायचा नाही. अर्ध्या मोळीत जे होत नव्हते ते चार लाकडांत होणार होते. उरलेले काम आतल्याच उष्णतेने करायचे.

तूस मात्र वहिनीला रस्त्यावरून झाडून आणावे लागले होते. गाड्यांतून सांडलेले तूस फाटकाबाहेर वाऱ्याने भिरभिरत असे. आजवर त्याला कुणी विचारले नव्हते. ती टोपली भरून निघाली तेव्हा पहारेकऱ्याने तिला थांबवले आणि टोपलीत कोपरापर्यंत हात घालून खाली तांदूळ लपवला आहे का ते चाचपले. रस्त्याने जाणारी माणसे पाहत होती. ती टोपली धरून उभी राहिली. तिच्या मनगटाच्या शिरा ताणल्या गेल्या होत्या.

"तूस शिजवताय का काय, वहिनी?" हात झाडत त्याने विचारले.

"नाही हो. तुमच्या साहेबांना शिजवायचं म्हणते. कडक माणूस, तुसात मऊ पडेल."

पहारेकरी हसला नाही, पण त्याने टोपली सोडली.

म्हाताऱ्याला पेटी पटली नाही. तो तिच्याभोवती दोन वेळा फिरला आणि फळीवर बोटाने टकटक करून म्हणाला, "आत वाफ आहे आणि बाहेर काटा नाही. पाण्याची पातळी दाखवणारी काच नाही. असल्या वस्तूवर मी विश्वास ठेवत नाही."

"मामंजी, तो बॉयलर नाही, भात आहे."

"वाफेला काय माहीत?"

पण दुपारी पेटी उघडली तेव्हा कण्यांचा दाणान् दाणा फुललेला होता. वहिनीने कांदा आणि मीठ लावून तो डब्यात भरला आणि फाटकाच्या गजांतून आत दिला. फिटरने फाटकाजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून तो खाल्ला. समोर कँटीनच्या खिडकीतून परतलेल्या कांद्याचा वास येत होता. पहिल्या आठवड्यात कँटीनची डाळ घट्ट होती, आचारी शहरातून आणला होता आणि दुसऱ्यांदा मागितले तरी तो नाही म्हणत नव्हता. त्या दिवशी शेडमध्ये चौघे होते, त्यांतले तिघे नुसते पाणी पिणारे, आणि कँटीनमध्ये एकोणीस. कारकून वही घेऊन दोन्हीकडे फिरला. शनिवारची रंगीत तालीम.

बुधवारी संध्याकाळी चाळणवाल्याची बायको आली. तिचा नवरा धान्याच्या चाळणीवर काम करी. तिला वस्ती काकू म्हणे. ती दारातच उभी राहिली. आत ये म्हटले तरी येईना.

"वहिनी, माझ्याकडे तांदूळ आहे थोडा. लाकूड नाही. तुझ्या त्या पेटीत आमच्या डब्यापुरतं..." आणि तिने पदराआडून दोन ढलप्या काढल्या. त्या तिने घराच्या दाराच्या चौकटीतून काढल्या होत्या, हे त्यांच्यावरच्या रंगावरून कळत होते.

"चौकट का काढलीस, बाई?"

"दार तसंही लागत नव्हतं."

दोघी हसल्या. मग काकू आत आली.

गुरुवारी सात डबे झाले, शुक्रवारी अकरा. प्रत्येक घरातून मूठपसा तांदूळ आणि एखाददुसरे लाकूड येई: मोडक्या स्टुलाचा पाय, कुंपणाचा खुंट, एकीने तर चक्क लाटणे आणले. लहान पातेले पुरेना म्हणून काकूने आपले मोठे पातेले आणून दिले आणि फिटरने पेटीला दोन फळ्या वाढवल्या. मोठ्या पातेल्यात उष्णता अधिक वेळ टिकते, हे त्याने सर्वांना समजावून सांगितले. कुणी ऐकले नाही, पण भात शिजत होता. कँटीनमध्ये जाणाऱ्यांनी वहिनीला झाकणवाली म्हणायला सुरुवात केली. "झाकणवाली, आज काय दडवलंय?" असे ते रस्त्यात ओरडत. "तुमची लाज," असे ती चालता चालता सांगे.

अकरा पुरत नव्हते. तेविसांतले बारा हवे होते.

शुक्रवारी दिवेलागणीला पैलवान आला. हा पोती वाहणारा हमाल. दोन पोती एका वेळी उचले म्हणून ते नाव. तो आला तेव्हा खोलीतला उजेड अडला.

"मी पाचही दिवस कँटीनमध्ये जेवलो," तो म्हणाला. "खोटं बोलत नाही. भूक फार लागते मला."

"मग आज इकडे कसं येणं केलंत?"

"आईला पैसे पाठवतो मी. निम्मे पाठवले तर ती काय निम्मी जेवेल?"

"निम्मी नाही जेवायची," वहिनी म्हणाली. "ती जेवायचीच नाही. आणि तुम्हाला कळवायचीही नाही."

पैलवानाने खाली पाहिले. त्याच्या मानेवर पोत्याने पडलेला घट्टा होता. तो त्यावरून हात फिरवत राहिला. "माझा डबा मोठा आहे," तो शेवटी पुटपुटला.

"आणा. तेवढं पाणी जास्त घालू."

शनिवारी उजाडल्यापासूनच ऊन कडकडीत होते आणि वारा पडला होता. वहिनी आणि काकूने आदल्या दिवशीच लाकडे मोजूनमापून रचली होती. पातेल्याला उकळी आली आणि शेवटचे लाकूड जळून राख झाले. लेकीने तीनशे आकडे मोजले. शेजारच्या दोघींना हाक मारून चौघींनी चिंध्या धरून पातेले उचलले आणि पेटीत ठेवले. झाकण गच्च, वर उशी, उशीवर दगड. मग लेक शाळेत गेली आणि वहिनी व काकू बारा डबे घेऊन नळावर गेल्या. नळाला धार करंगळीएवढी होती आणि रांग लांब. घरी म्हातारा राहिला.

"मामंजी, लक्ष असू द्या," ती जाता जाता म्हणाली. मांजर येई, म्हणून. तिने तेवढेच सांगितले आणि गेली.

म्हाताऱ्याने लक्ष ठेवले.

भोंग्याला अर्धा तास उरला असताना दोघी परत आल्या. वहिनीने दगड काढला, उशी उचलली आणि झाकणाला हात लावला. झाकण भाजले नाही. तिने ते उचलले. वाफेचा लोट वर आला नाही. कोमट, दुधट पाण्यात तांदूळ बसलेला होता. तिने चार दाणे तोंडात टाकले. वरून मऊ, आत खडूसारखे.

"मामंजी?"

म्हातारा उठून उभा राहिला, अगदी पाळी बदलताना उभा राहावा तसा.

"झाकण वाजायला लागलं होतं," तो म्हणाला. "दाब वाढला की असाच आवाज येतो. मोकळं केलं. लगेच पाहिलं तर पाणी खाली गेलेलं. पाणी खाली जाऊ दिलं तर बॉयलर कसा फुटतो, मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या आधीच्या माणसाचा हातसुद्धा सापडला नव्हता. मी भर घातली. चार तांबे गार पाणी. दर पाव तासाला पाहिलं. पातळी सोडली नाही मी..."

बोलता बोलता त्याने पातेल्यात पाहिले आणि त्याला कळले. चाळीस वर्षांत ज्याने एकदाही चूक केली नव्हती, त्याने बॉयलरची तीच खबरदारी आज भाताच्या बाबतीत घेतली होती.

काकू मटकन खाली बसली. "झालं! आता कसलं आलंय! सगळे उपाशी, म्हणजे सगळ्यांची संमती."

वहिनीने हातातली पळी चुलीवर आपटली, राख उडाली. चुलीत ठिणगीसुद्धा नव्हती.

"पेटी फोडू या," काकू म्हणाली. "फळ्या जाळू."

"एवढं पातेलं तापायला तासभर लागेल. आणि सोमवारी कशात शिजवायचं? तुझ्या दाराच्या उरलेल्या चौकटीत?" वहिनीने पदर खोचला. "धर ते झाकण आडवं. पाणी काढू. कांदा आण, मीठ जरा सढळ हाताने टाक."

"अगं, कच्चा आहे तो!"

"शिजलेलंच खायचं, असं नोटिशीत लिहिलंय का?"

भोंगा झाला तेव्हा बारा डबे आणि उरलेल्या भाताचे पातेले फाटकापाशी पोचले होते. म्हाताराही मागून आला. त्याला कुणी बोलावले नव्हते. ये म्हणायचे धैर्य नव्हते आणि येऊ नको म्हणायचेही. गजांतून डबे देताना वहिनी प्रत्येकाला हळूच एकच वाक्य सांगत होती: "कच्चा राहिलाय. चावा, आणि तोंड वाकडं करू नका."

बाराही जण शेडमध्ये मांडी घालून बसले. कारकून वही उघडून उभा राहिला. साहेब स्वतः आले होते. मोजणीच्या दिवशी ते येणारच होते. त्यांच्या मागे कँटीनचे दार सताड उघडे होते.

फिटरने पहिला घास घेतला. दाणे दाताखाली कुरकुरले. तो आवाज फाटकाबाहेर ऐकू आला. मग सगळे शेड कुरकुरू लागले, गोठ्यात बैल कडबा चघळतात तसे. साहेबांनी भुवया उंचावल्या. ते वाकले, चाळणवाल्याच्या डब्यातला एक दाणा त्यांनी दोन बोटांत दाबला. तो चिरडला गेला नाही.

"हे जेवण आहे?" ते मोठ्याने म्हणाले. "हे कोंबड्यांना टाकतात. कारकून, कच्चं धान्य म्हणजे डबा धरायचा नाही."

"तसं नोटिशीत नाही, साहेब," फिटर बसल्या जागेवरून म्हणाला. "घरून आणलेला डबा जो खाईल, असं आहे. मला पाठ आहे."

साहेबांनी त्याच्याशी वाद घातला नाही. ते पैलवानासमोर जाऊन उभे राहिले. पैलवानाने एक घास घेतला होता आणि तो गालात धरून तसाच बसला होता.

"पैलवान, तुझं ताट वाढून ठेवलंय रे आत. गरम आहे. एवढा मोठा देह तुझा, कशाला हाल करून घेतोस?"

साहेबांचा आवाज मऊ होता. कँटीनमधून डाळीचा वास आला. पैलवानाच्या कपाळावर घाम होता. त्याने एक पाय मोकळा केला आणि तळवा जमिनीला टेकवला. उठायच्या आधी माणूस टेकवतो तसा. कुरकुर थांबली. अकराजण त्या तळव्याकडे पाहू लागले.

फाटकाबाहेर वहिनी खडीवर खाली बसली. तिने पातेले पुढे ओढले, मूठभर भात उचलला आणि तोंडात घातला. ती सावकाश चावत राहिली, साहेबांकडे पाहत. आतला खडू दातांना चिकटत होता, तरी तिने घास गिळला आणि पुन्हा हात घातला.

"मलाही वाढ," म्हातारा तिच्या शेजारी बसत म्हणाला.

"मामंजी, नको. तुम्हाला दात नाहीत."

"चार आहेत. वाढ. माझ्या हातचा आहे."

तिने वाढला. त्याने घास तोंडात टाकला आणि तो उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे फिरवू लागला. चार दातांना तो सापडत नव्हता. त्याचे गाल आत ओढले गेले, मान ताठली, डोळ्यांत पाणी आले. पण ते डोळेही त्याने साहेबांवरून काढले नाहीत. चाळीस वर्षांत त्याने साहेबांच्या खुर्चीतल्या कुणाकडेही असे पाहिले नव्हते.

पैलवानाने गजांतून ते पाहिले. त्याच्या छातीतून हसू फुटले. अर्धे दाणे बाहेर उडाले, त्यातले दोनचार साहेबांच्या बुटांवर पडले. त्याने टेकवलेला पाय पुन्हा मांडीखाली दुमडला.

"आजोबा," तो भरल्या तोंडाने ओरडला, "झकास झालाय!"

आणि तो चावू लागला. त्याचा जबडा चालू झाला तसे शेड पुन्हा कुरकुरू लागले, आधीपेक्षा मोठ्याने. आता त्या आवाजात थोडा मुद्दामपणाही होता.

कारकुनाने बोटाने मोजले, मग पुन्हा मोजले. "बारा," तो म्हणाला.

"तो बाहेरचा म्हातारा कामगार नाही," साहेब म्हणाले.

"त्याला धरलेलं नाही, साहेब. त्याच्याशिवाय बारा."

"बारा लिहून घ्या," फिटर कारकुनाला म्हणाला. "आणि खाली सही घ्या साहेबांची. करार जुनाच राहिला, असं."

साहेबांनी वही हातात घेतली, आकडा पाहिला आणि बराच वेळ पेनचे टोपण काढत राहिले. मग सही केली. "सोमवारी तुमच्यातले निम्मे पोटदुखीनं घरी असतील," वही परत देत ते म्हणाले.

"असतील तर असतील," वहिनी गजांतून म्हणाली. "रजा पूर्ण पगाराची मागू."

पैलवानाने रिकामा डबा गजांतून बाहेर काढला आणि तिच्यासमोर धरला. "अजून थोडा घाला, वहिनी," तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. तिने पातेल्याचा तळ खरवडला आणि डबा काठोकाठ भरला.

भोंगा वाजला. माणसे उठली, डबे विसळून आत गेली आणि गिरणीचा पट्टा फिरू लागला. काकू पातेले उचलायला वाकली. म्हातारा अजून खडीवर बसून पहिलाच घास चघळत होता. वहिनीने त्याच्या तोंडासमोर ओंजळ धरली आणि टाकून द्या अशी खूण केली. त्याने मान हलवली, तिचा हात बाजूला सारला आणि चघळत राहिला.